बाटल्यांत काय भरत्यात?

“दारू नको, मांस नको, चामडं नको. जीव मारून केलेला पैसा घरात न्हाय आणायचा,” आप्पा म्हणाले.

निपाणीत त्यांच्या तंबाखूच्या वखारीत आम्ही बसलो होतो. मी बेळगावच्या एका शेअर ब्रोकरकडे सल्लागार. आप्पांना नातवासाठी मल्टीबॅगर हवा होता, म्हणजे वर्षानुवर्षं सांभाळला की पैसे कितीतरी पट करणारा शेअर.

“तंबाखूची कंपनी चालेल?”

“ती बी नको. त्या धंद्यात काय चालतं ते मला म्हाईत हाय.”

बेळगावला परतून टिळकवाडीच्या ऑफिसात मी कंपन्या चाळल्या. आप्पांच्या चाळणीतून एकच चांगली खाली पडली. कर्ज नाही, नफा दरवर्षी वाढता. ती काचेच्या बाटल्या बनवायची. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बिअरचा कारखाना.

“सर, हे आप्पांना सांगायला हवं.”

“बाटली शाकाहारी आहे,” मॅनेजर म्हणाले. “ऑर्डर आणा.”

आप्पांनी नेमकं तेच विचारलं, “बाटल्यांत काय भरत्यात?”

“औषध,” मी म्हणालो. थोड्या बाटल्यांत तेही भरत असत.

शेअर चढत गेला. “एक रुपया पापाचा न्हाय,” असं सांगत आप्पा बस्तीच्या, म्हणजे जैन मंदिराच्या, कट्ट्यावर माझं कौतुक करू लागले. मला ते ऐकवेना. शेवटी क्षमावणीला, म्हणजे जैन मंडळी वर्षभराच्या चुकांची एकमेकांकडे माफी मागतात त्या दिवशी, मी निपाणी गाठली.

“आप्पा, मी खोटं बोललो. त्या बाटल्यांत बिअर जाते. विकूया?”

आप्पांनी आधी दार लोटलं.

“म्हाईत हाय रं. उन्हाळा आला की कंपनीचा खप वाढतोय. माणसं काय उन्हाळ्यातच आजारी पडत्यात व्हय?”

“मग बोलला का नाहीत?”

“मी इचारलं, तू सांगितलंस. खोटं तुझं, तर पाप बी तुझं. आता खरं कळलं म्हटल्यावर मला विकायला लागंल. त्यापरीस असं करू. तुला माफ केलं. पर तू काय बोललास, ते मला ऐकू आलं न्हाय.”

मी दर क्षमावणीला जातो, तेच सांगतो. शेअर चढतो तसे आप्पांचे कान जड होत चाललेत.

दीर्घ मुदतीला संयम लागतो, असं आम्ही गिऱ्हाइकांना शिकवतो. पाप ठेवायला सल्लागारही लागतो, हे सांगत नाही. दलाली मला टक्क्यात मिळते. पाप सगळंच्या सगळं.