सांध्यात की हातात

इनासच्या बहिणीचा, रोझीचा फोन आला तेव्हा चुंबकत्व मोजायचं मशीन थंड होत आलं होतं आणि आत इनासचा शेवटचा नमुना होता. “सुमनताय, इनास गेलो,” एवढंच तिला बोलता आलं. झोपेतच गेला म्हणे. माणसाने जायचं तरी हातातलं मोजमाप संपवून जावं की नाही... मशीन बंद करून मसुऱ्याला निघाले. वाटभर रडले कमी, चडफडले जास्त. महिना झाला, चडफड अजून गेलेली नाही.

इनास माझा प्रयोगशाळेतला जोडीदार. तो मसुऱ्याचा, मी शिरोड्याची. त्याच्या घरात पदवी घेणारा तो पहिला, आमच्याकडे मी, आणि हे सांगताना आम्हा दोघांचीही मान ताठ असे. गोव्यातल्या प्रयोगशाळेत आम्ही ऑक्साइडचे पातळ थर एकमेकांवर चढवत होतो. हा थर एकटा असला तर चुंबकाला ढिम्म, तोही ढिम्म. पण एकावर एक बसवले की जिथे टेकतात त्या सांध्यात चुंबकत्व दिसतं. दिसतं म्हणजे अगदी इवलं. लोखंडाचा एखादा कण चिकटला तरी तेवढंच दिसतं. म्हणून इनासने स्टीलचे चिमटे हद्दपार केले, घरच्या बांबूचा चिमटा तासून आणला, माझ्या केसांतली पिनसुद्धा दाराबाहेर काढायला लावली.

आणि याच शहाण्याने घात केला. आमचा लेख रवाना झाला होता, माझं नाव छापून येणार हे बाबांनी रापणीवर जाळं ओढणाऱ्या सगळ्यांना सांगून झालं होतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली नमुन्याच्या कडेला तांबूस कण दिसले. विचारलं तर हा शांतपणे म्हणतो, “अगो, आवशीन विचारल्यान, दिवसभर करतंस तरी काय? म्हणान नमुन्यांचो डबो घराकडे नेलंय. मळको दिसता म्हणान तिणा फडक्यान पुसल्यान.” चिऱ्यांचं घर, अंगणभर तांबडी माती, मातीत लोखंड... आणि ते फडकं! मी त्याला जे बोलले ते छापण्यासारखं नाही. त्याने लेख मागे घेतला. बाबांना काय सांगायचं, ते मात्र माझ्यावर सोडलं.

नवे नमुने केले. चुंबकत्व पुन्हा दिसलं, आधीपेक्षा मंद, पण दिसलं. मी म्हटलं, आता पाठवूया. हा मान हलवायचा. “सांध्यात आसा काय आपल्या हातात, ता आदी ठरांदे.” म्हणजे सांधा नसलेला नुसता एक थर घ्यायचा, त्याच चिमट्याने उचलायचा, त्याच डब्यात ठेवायचा आणि मोजायचा. त्यातही चुंबकत्व निघालं, तर ते आमच्याच हातचं. तोच नमुना मशीनमध्ये ठेवून तो घरी गेला होता.

मसुऱ्याला त्याच्या आईने माझा हात धरला. “माझ्या फडक्यान त्येचा काम बिघाडला काय गो?” मला नाही म्हणता आलं नाही. माहीतच नव्हतं, तर कसं म्हणणार? त्या घटकेला मला इनासचा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता.

परवा तो नमुना मोजला. चुंबकत्वाचा मागमूस नाही. म्हणजे सांध्यात दिसलेलं खरंच सांध्यातलं. लगेच त्याच्या आईला फोन लावला, काम बिघडलं नाही म्हणून सांगितलं, आजच लेख पाठवते म्हटलं. ती म्हणाली, “परत एकदा बघ गो. तो आसतो तर बघलो आसतो.”

घ्या. केसांतली पिन काढली, दाराबाहेर ठेवली आणि त्याचा बांबूचा चिमटा उचलला.