लिओटाचे पाय

माझ्या भावाच्या पिकअपमध्ये खरं बोलणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे माझ्या वहिनीचे पाय. बाकी सगळं खोटं. पेट्रोलचा काटा टाकी रिकामी असली तरी भरलेली दाखवायचा. तेलाचा काटा दिवे लावले की आडवा पडायचा आणि दिवे मालवले की उठून बसायचा. इंजिनाच्या उष्णतेचा काटा तर महालहरी. गारठलेलं इंजिन चालू केलं की हा सरळ लाल पट्टीवर. मग ऑर्व्हल डॅशबोर्डवर बुक्की मारायचा. इतकी वर्षं मारली की तिथल्या प्लॅस्टिकला चीर गेली होती.

लिओटा त्याच्या शेजारी बसायची आणि हीटरचा झोत तिच्या पायांवर यायचा. हीटरची ऊब म्हणजे इंजिनातल्या पाण्याचीच ऊब. पाणी जास्त तापलं की झोत चटका द्यायचा, पाणी कमी झालं की गार पडायचा. लिओटा म्हणायची, "ऑर्व्हल, थांब जरा." तो कुरकुरत उतरायचा, बॉनेट उघडायचा, आणि खरंच कुठेतरी गळती सापडायची. असं तिनं ते इंजिन किती वेळा वाचवलं असेल! आभार मानणं बाजूलाच, हा वर तिला म्हणायचा, "बायको केली होती मी, थर्मामीटर कुठून आला घरात?"

मी ऑर्व्हलची धाकटी बहीण. नणंद असले तरी त्यांच्या भांडणात मी कायम लिओटाच्या बाजूची. ती शहरातल्या बेकरीवाल्याची मुलगी. नेब्रास्काच्या या वाळूच्या टेकड्यांत लग्न होऊन आली तेव्हा गाय हंबरली तरी दचकायची. पुढे तीच बाई गारपिटीत गुडघ्यांवर बसून अडलेल्या गायीचं वासरू ओढून काढायला लागली. बोलायची कमी, तक्रार तर करायचीच नाही. आणि खोटं तिला जमायचंच नाही. पत्ते खेळायला बसलो की हातातली पानं तिच्या चेहऱ्यावर दिसायची, म्हणून तिचा भिडू व्हायला कुणी तयार नसायचं.

एका हिवाळ्यात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्याचं दफन होतं. शवपेटीच्या गाडीमागे पहिलीच गाडी ऑर्व्हलची, आणि दफनभूमीच्या चढावर तिचं पेट्रोल संपलं. काटा अर्थातच 'भरलेली' दाखवत होता. मागे अख्खा गाव खोळंबला. ऑर्व्हलला ते फार लागलं. मी म्हटलं, "मेलेला माणूस तुझ्या आधी पोचला!" त्यावर आठवडाभर तो माझ्याशी बोलला नाही.

त्यानं काटे दुरुस्त करायला घेतले ते त्या रागातून. एकच काटा चुकत असता तर त्याच्याच तारेत दोष शोधायचा, पण इथे सगळेच एकदम चुकत होते. म्हणजे दोष सगळ्यांना मिळून असणार, एवढं त्यानं बरोबर ताडलं. डॅशबोर्ड उघडून तो मागच्या तारांत डोकं घालून बसला. शेवटी सापडली ती अर्थिंगची तार. पत्र्याला जिथे ती स्क्रूनं आवळलेली असते तिथे नुसता गंज. त्यानं तो पॉलिश कागदानं घासून पत्रा चकचकीत केला आणि तार आवळून बसवली.

मग एकेका काट्याची परीक्षा. हा बॉनेटखाली, लिओटा आत सीटवर. उष्णतेच्या काट्याची तार इंजिनावरून उपसून ती इंजिनाच्या लोखंडाला टेकवायची. काटा लालपर्यंत धावला तर आतलं सगळं ठीक. ती तार एका रबरी पाइपाच्या आड होती. ऑर्व्हलनं पाइप कोपरानं रेटला आणि ओरडला, "हलला का?"

"नाही."

"आता?"

"धावला! लालवर गेला!"

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"आधी हलला नव्हता म्हणून."

मी अंगणात उभी राहून हसत होते. ऑर्व्हलनं हात पुसले, आत वाकून काट्यांकडे पाहिलं आणि म्हणाला, "घे, आता तुझ्या पायांना सुट्टी." इतकं खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मार्चमध्ये गायी व्यायला आलेल्या असतात, तेव्हा कुणाला उसंत नसते. एका दुपारी नुकत्याच व्यालेल्या गायीनं लिओटाला गोठ्याच्या फाटकावर दाबलं. ऑर्व्हलनं गाय हाकलली. लिओटा आपल्या पायांनी उठली, डाव्या कुशीवर हात ठेवून म्हणाली, "बरगडी असेल." पण ओठ पांढरे पडले होते. काउंटीचं इस्पितळ दीड तासावर. तिथून रुग्णवाहिका बोलवायची म्हणजे येण्याजाण्याचा दुप्पट वेळ, त्यात वाऱ्यानं रस्त्यावर बर्फ वाहत होतं. त्यानं तिला पिकअपमध्ये बसवलं आणि निघाला.

पुढचं मी दोघांकडून ऐकलंय. ऑर्व्हल सांगतो ते एक, लिओटा सांगते ते दुसरं, पण पायांपाशी दोघांचं जुळतं.

थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, "माझे पाय गार पडलेत."

ऑर्व्हलनं काट्याकडे पाहिलं. लालपासून लांब, खालच्या बाजूला, शांत. मग गाडीत काही बिघाड नाही. म्हणजे तीच गार पडतेय! पोटात रक्तस्राव झाला की हातपाय गार पडतात, हे त्यानं गुरांत पाहिलेलं होतं. त्यानं पेडल आणखी दाबलं.

"ऑर्व्हल, थांब. हीटर गार झालाय."

"हीटर ठीक आहे, तू बोलू नकोस."

"पाणी चाललंय कुठेतरी."

"काटा बघ की! मी स्वतः दुरुस्त केलाय!"

"तुझा काटा घाल चुलीत," लिओटा म्हणाली. उभ्या आयुष्यात तिच्या तोंडून असा शब्द कुणी ऐकला नव्हता. "हात लावून बघ."

त्यानं दातानं हातमोजा ओढला आणि हात खाली नेला. झोत बर्फासारखा गार.

तो थांबला. बॉनेट उघडलं तर पाणी जवळजवळ नाहीच, आणि त्या रबरी पाइपाच्या तोंडाशी ओल. काटा तपासताना त्यानं कोपरानं रेटलेला तोच पाइप. पाइप आवळून धरणारी पट्टी सैल झाली होती आणि थेंब थेंब करत पाणी गेलं होतं. काट्याच्या तारेचं इंजिनातलं टोक पाण्यात बुडालेलं असतं तेव्हाच तो खरं सांगतो. आता ते हवेत लोंबत होतं, म्हणून बिचारा सांगत होता, सगळं थंड आहे. आणखी थोडं गेले असते तर इंजिन जागच्या जागी जाम झालं असतं, आणि त्या रस्त्यावर संध्याकाळपर्यंत कुणी फिरकलं नसतं.

दाराच्या कप्प्यात कुंपणाची पक्कड होती. त्या पकडीनं त्यानं पट्टी आवळली. पण पाणी कुठलं? बर्फ वितळवायला काही नव्हतं. लिओटानं पायाशी बोट दाखवलं. हगवण लागलेल्या वासरांसाठी सकाळीच तिनं साखर-मिठाचं कोमट पाणी करून मोठ्या बाटल्यांत भरलं होतं आणि गोठू नये म्हणून त्या बाटल्या हीटरपाशी ठेवल्या होत्या. ऑर्व्हलनं बाटल्यांवरची, वासरांनी चोखायची लाल रबरी बोंडं उपटून फेकली आणि चालू इंजिनात ते पाणी हळूहळू ओतलं. जरा ओतायचं, थांबायचं. गरम लोखंडावर एकदम ओतलं तर ते तडकतं. आतमध्ये बायकोची काय अवस्था आहे ते कळत नाही आणि हात घाईनं चालवता येत नाहीत, ही दोन मिनिटं आयुष्यात सगळ्यात वाईट होती, असं तो अजून म्हणतो.

गाडी निघाली. हीटर आधी कोमट आणि मग चांगला गरम झाला. त्याचा स्वतःचा गुडघा तापला.

"पाय?" त्यानं विचारलं.

"गरम झाले," लिओटा म्हणाली.

त्याच्या जिवात जीव आला. दिवसभरातली पहिली चांगली बातमी होती ती. पेडलवरचा पाय त्यानं सैल केला. नदीच्या पुलाआधीच्या उतारावर काचेसारखं बर्फ होतं, तिथे तो बेतानं, एका सरळ रेषेत उतरला. उतारालगतच्या चरात गॅसची एक मोठी गाडी कलंडलेली होती. तिचा चालक बाहेर उभा राहून हात हलवत होता. ऑर्व्हलनं काच खाली करून सांगितलं, "इस्पितळातून माणसं पाठवतो!" वाटेत त्यानं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती म्हणाली, "गरम आहेत."

मी माझ्या गाडीनं पोचले तेव्हा तिला शस्त्रक्रियेला नेलं होतं. ऑर्व्हल व्हरांड्यातल्या बाकावर तिचे बूट मांडीवर घेऊन बसला होता. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "नर्सनं बूट काढले. मला विचारलं, हे कधीपासून असे आहेत? मी म्हटलं, कसे? गरम आहेत की. म्हणाली, हात लावा."

"मग?"

"दगड, विल्मा. नुसते दगड." त्याचा चेहरा वाकडा झाला. "हीटर माझी तंगडी भाजत होता. आणि ती तिथे बसून मला सांगत होती, गरम आहेत. तिला तर खोटं बोलताच येत नाही!"

माझा मोठा भाऊ माझ्यासमोर रडला तो त्या दिवशी. मलाही रडू आवरलं नाही. आम्ही दोघं ते चिखलाचे बूट मध्ये ठेवून बसलो.

तिची डाव्या बरगड्यांखालची प्लीहा फुटली होती. डॉक्टरांनी ती काढली. आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, असं त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं डोळे उघडले तेव्हा मी खोलीतच होते. ऑर्व्हलनं तिला पाणी पाजलं, उशी सारखी केली, आणि मग न राहवून भांडायला सुरुवात केली.

"खोटं बोललीस तू मला."

"बोलले."

"का?"

"पहिल्यांदा खरं सांगितलं तेव्हा तू गाडी कशी हाकलीस?" ती हळू आवाजात म्हणाली. "पुढे तो उतार होता. गार आहेत म्हटलं असतं तर आपण त्या गॅसवाल्याच्या शेजारी चरात असतो."

ऑर्व्हलनं तिच्या पायांवरचं पांघरूण नीट केलं.

मी कॉफी आणायला गेले. परत आले तर लिओटाला झोप लागली होती आणि हा खुर्ची ओढून पायथ्याशी बसला होता, दोन्ही हात पांघरुणाच्या आत. पलंगाशेजारी यंत्रावर हिरवे आकडे पळत होते, तिकडे त्याची पाठ होती.

"गरम आहेत," तो म्हणाला. मी विचारलंही नव्हतं.