शमीमने परत मागितलेल्या बाटल्या

शमीमच्या नवऱ्याचा, इक्बालभाईंचा फोन आला तेव्हा मी बँकेत उभी होते. "ताई, शमीम गेली..." एवढंच म्हणाले. पुढचं ऐकायला मी बाहेर आले, पण पुढे काही नव्हतंच.

पुण्यातल्या एका कॉलेजात आम्ही दोघी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचो. शमीम कॅम्पातल्या शिंप्याची मुलगी, बोलणं मात्र पेठेतल्यासारखं तिरकस. लोणी काळभोरकडच्या एका छोट्या कारखान्याने तेव्हा जखमेवर लावायचं औषध काढलं होतं. बंद बाटल्यांवर गॅमा किरण सोडून ते निर्जंतुक करायचं. जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे जाड कवचात झोपलेली त्यांची रूपं, सगळ्यांत चिवट. ते मरायला किरणांची किती मात्रा पुरेल, हे शमीमने पाण्यातल्या बीजाणूंवर प्रयोग करून सांगितलं आणि माल बाजारात गेला.

पुढे दुसऱ्याच कामासाठी तिने तेच बीजाणू पाण्याऐवजी ग्लिसरिनमध्ये ठेवून पाहिले. मात्रा तीच. पाण्यातले मेले होते, हे उगवले! किरणांमुळे पाण्यात जे मारक कण तयार होतात, ते ग्लिसरिन गिळून टाकतं.

"अगं, ते औषध ग्लिसरिनमध्येच आहे," ती म्हणाली.

कारखान्याचे मालक म्हणाले, "मॅडम, मात्रा तुम्हीच सांगितलीत. कुणाची तक्रार आहे का?"

"ज्याचा पाय जाईल, तो तक्रार करायला तुमच्याकडे येणार नाही."

उत्पादन थांबलं, पण विकलेला माल परत मागवायला ते तयार होईनात. मग शमीमच दवाखान्या-दवाखान्यातून हिंडली. मी सोबत होते. बहुतेक बाटल्या मिळाल्या. वाघोलीचे डॉक्टर मात्र म्हणाले, "ती संपली. वीटभट्टीवरच्या एका मजुराला लावली. पाय सुजला होता, परत आलाच नाही." आम्ही भट्टीवर गेलो. तो बायकामुलांसकट निघून गेला होता... कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बरा झाला असेल गं," मी म्हणायची.

"असेल," ती म्हणायची आणि विषय संपायचा.

एका परिषदेत तिने उभं राहून स्वतःची चूक सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. "टाळ्या कसल्या वाजवतात?" ती बाहेर येऊन म्हणाली.

त्यानंतर गल्लीत कुणाला कापलं-खरचटलं की ती रोज जाऊन जखम बघायची, पार भरेपर्यंत. लोक वैतागायचे.

परवा इक्बालभाईंना भेटायला गेले. सुरीने कापलेल्या माझ्या बोटाला पट्टी होती.

"दाखवा," ते म्हणाले.

"काही नाही हो, जरासं लागलंय."

"दाखवा, ताई."

मी पट्टी सोडली. त्यांनी चष्मा लावला, बोट खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"उद्या परत या," ते म्हणाले.