माझ्या आवाजातलं तिचं ‘नाही’

आपलं तोंड बंद असताना आपलाच आवाज शेजारून खच्चून ओरडला तर माणसाचं काय होतं, ते मी तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात अनुभवलंय. त्याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा आमच्या शहराला औरंगाबादच म्हणायचे, जायकवाडीत पाणी नव्हतं आणि आमच्या कॉलनीत टँकर यायचा. अजूनही कुणी मागून मोठ्यानं ‘नाही’ म्हटलं की माझा हात आधी स्वतःच्या तोंडाकडे जातो.

माझी धाकटी बहीण नऊ वर्षांची असताना तिच्या घशात गाठ झाली. ऑपरेशननं जीव वाचला, पण आवाज गेला. कान मात्र असे तिखट, की आतल्या खोलीत कुणी कुजबुजलं तरी बाहेर हिच्या भुवया वर. पण लोकांना एवढं साधं कळायचं नाही. बोलता येत नाही म्हणजे ऐकूही येत नसणार असं धरून जो तो तिच्या कानाशी येऊन ओरडायचा. ती कान झाकून घ्यायची, आणि लोक म्हणायचे, बिचारी.

मी तिच्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणून तिची दुभाषी झाले. तिच्या खुणा मला पाठ होत्या. मूठ छातीशी नेली म्हणजे ‘मला’, बोट कपाळाला लावलं म्हणजे ‘आई’, आणि तळहात पालथा करून खाली दाबला म्हणजे ‘नाही’. ही शेवटची खूण ती पुष्कळदा करायची. आणि मी लोकांना सांगायचे, “ती विचार करून सांगते म्हणतेय.” बाईमाणसानं तोंडावर ‘नाही’ म्हणणं मला उर्मट वाटायचं. तिच्या बोलण्याला मी थोडा पाक लावते, असं मी समजत होते. ते खोटं बोलणं होतं, हे मला चाळिशी उलटेपर्यंत सुचलंसुद्धा नाही.

त्या दुष्काळी उन्हाळ्यात ती गंगापूरहून माझ्याकडे राहायला आली. एरवी ती आमच्या भावाच्या घरी असायची आणि शिलाईची कामं करायची. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि तिनं प्रोजेक्टसाठी मावशीलाच धरलं. आमच्याकडच्या पोरी स्कूटीवर उन्हासाठी घालतात तसला पांढरा सुती हातमोजा आणला. त्याच्या बोटांवर पट्ट्या शिवल्या. कुठलं बोट किती वाकलं ते त्या पट्ट्यांना कळायचं, आणि तळहात कसा वळला ते आतल्या चिपला. मनगटावर काडेपेटीएवढा स्पीकर बांधला. ठरलेली खूण केली की त्यातून आधी रेकॉर्ड केलेलं वाक्य वाजायचं. वाक्यं बाराच बसणार होती.

आवाज कुणाचा घ्यायचा, असं मुलीनं विचारलं तेव्हा बहिणीनं माझ्याकडे बोट केलं आणि वहीत लिहिलं, ‘हिचाच. लोकांना तोच माझा वाटतो.’ मला त्याचा कोण आनंद झाला!

बारा वाक्यं मी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता ठरवली. पाणी पाहिजे. बरं वाटत नाही. थोडं थांबा. हो. चालेल. तुम्ही म्हणाल तसं. आभारी आहे. अशी सगळी गोड, कुणाला न टोचणारी. तिला विचारावं असं मला वाटलंच नाही. मला सगळं माहीत होतं ना!

तिनं यादी वाचली, पेन घेतलं आणि ‘आभारी आहे’ खोडून लिहिलं, ‘मला ऐकू येतं, ओरडू नका.’ आम्ही दोघी मायलेकी हसून लोटपोट. मग तिनं ‘तुम्ही म्हणाल तसं’ खोडलं आणि तिथं लिहिलं, ‘नाही’.

“अगं, नाहीला काय मशीन लागतंय? मान हलव की!” मी म्हटलं.

तिनं लिहिलं, ‘मान हलवली की तुम्ही समजूत घालायला बसता.’

त्यावरही मी हसले. आज आठवलं की लाज वाटते.

अकरा वाक्यं मी शांतपणे, रेडिओवरच्या बाईसारखी म्हटली. बारावं राहिलं आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. मी हंडा आणि पाइप घेऊन पळाले. मुलगी मागून मोबाइल धरून ओरडतेय, “आई, एकच राहिलंय, नाही म्हण!” तेवढ्यात शेजारणीनं माझा पाइप टँकरमधून ओढून काढून स्वतःचा घातला. चार दिवसांनी आलेलं पाणी ते! मी अशी ओरडले, “नाही!” की शेजारीण दोन पावलं मागं सरली. मुलीनं ते हॉर्नसकट पकडलं होतं. मी म्हटलं, पुसून टाक, पुन्हा नीट म्हणते. पण बहीण टाळ्या वाजवत होती. तिला तेच हवं होतं.

त्याच महिन्यात भावाचा फोन आला. आई कधीच गेली होती, वडील आदल्या वर्षी गेले आणि शेताच्या सातबाऱ्यावर आम्हा तिघांची नावं लागली होती. शहर वाढत वाढत वाळूजच्या पुढं सरकलं होतं. गंगापूर रोडला पिकांपेक्षा प्लॉटच्या पाट्या जास्त दिसायच्या. आमच्या शेताला गिऱ्हाईक आलं होतं.

“आक्का, बुधवारी धाकटीला घिऊन ये. हक्कसोड करून टाकू. दोघींच्या बी सह्या लागत्यात.”

आमच्याकडे हे असंच चालतं. बाप गेला की बहिणी कागदावर आपला वाटा सोडतात, भाऊ साडी नेसवतो आणि माहेर शाबूत राहतं. वाटा मागणाऱ्या बहिणीसाठी माहेरात पुढं कुणी चहा टाकत नाही. मी त्या कागदाकडे भाऊबीजेसारखंच बघत होते. माझा नवरा कंपनीत कायम होता, घर स्वतःचं होतं. बहिणीपाशी शिलाई मशीन सोडलं तर काय होतं, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही.

“तिला विचारलंस का?” मी भावाला म्हटलं.

“तिला काय इचारायचं? तूच सांग की.”

मी फोन धरूनच तिला सांगितलं. हातमोजा तेव्हा मुलीबरोबर कॉलेजात होता; तिनं नुसताच तळहात पालथा केला आणि खाली दाबला.

“काय म्हन्ती?” भाऊ.

“बघू म्हणतेय,” मी सांगितलं. भावानं ते ‘व्हय’ असं घेतलं. मला ते माहीत होतं, तरी मी फोन ठेवून दिला.

सोमवारी तो साड्या घ्यायला आला. आम्ही शहागंजला साडीच्या दुकानात गेलो. दुकानदारानं सवयीनं तिच्या कानाशी वाकून आवाज चढवला आणि तिच्या मनगटावरून माझा गोड आवाज आला, “मला ऐकू येतं, ओरडू नका.” दुकानदार गादीवरून पडायचाच बाकी. “अरे बाप रे, हातमोजा बात करता हाय!” तिथं आलेली गिऱ्हाइकं जमली. मी तर फुलून गेले. पोरीनं काय वस्तू केलीय, जो तो तेच बोलत होता. हातमोज्याचा हात लोकांनी बघायला धरून ठेवलेला, त्या गडबडीत बहिणीनं मोकळ्या हातानं पुढ्यातली हिरवी साडी परत गादीवर सरकवली आणि तोच तळहात पालथा केला. मी म्हटलं, “हिरवीच द्या. आवडलीय तिला.”

बुधवारी ऑफिसात आधी माझा नंबर लागला. कॅमेऱ्यासमोर फोटो, अंगठा, सही. साहेबांनी विचारलं, “ताई, दस्त वाचला? खुशीनं सोडताय ना?”

“हो, खुशीनं,” मी म्हटलं. माझा आवाज लोण्यासारखा मऊ आला.

मग बहीण बसली. भाऊ म्हणाला, “साहेब, मुकी हाय ती. आक्का सांगती तिचं.” साहेब माझ्याकडे वळलेच होते. मी नुसती मान डोलावली असती तर काम झालं असतं. पण मला मिरवायचं होतं ना! मी म्हटलं, “साहेब, तिला आता बोलता येतं. तिलाच विचारा.”

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी खुर्ची पुढं ओढून तिला विचारलं, “ताई, तुम्हाला हा दस्त मान्य आहे?”

तिनं हातमोजा घातलेला हात टेबलावर ठेवला. तळहात पालथा केला.

“नाही!”

टँकरचा हॉर्न, हंड्याचा खणखणाट, आणि माझा तो फाटलेला आवाज. टायपिंग थांबलं. साहेब तिच्याकडे न बघता माझ्याकडे बघत होते, कारण आवाज माझा होता. आत्ताच लोण्यासारखं ‘हो’ म्हटलेला. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की मीच ओरडले.

“मशीन हाय साहेब,” भाऊ घाईनं म्हणाला, “बिघडतंय कवा कवा. आक्का, सांग की साहेबाला.”

“तुम्हाला यांच्या खुणा कळतात ना?” साहेबांनी मला विचारलं. “यंत्र चुकलं का?”

भाऊ माझ्याकडे बघत होता, आणि बहीणही. तिच्या नजरेत राग नव्हता. ती फक्त वाट बघत होती, मी या वेळीही पाक लावते की काय याची. एक शब्द बोलले असते तर तिचं नाव सातबाऱ्यावरून कायमचं गेलं असतं. इतकी वर्षं मी तिच्या तोंडचं किती काय फिरवलं असेल, ते सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. साड्या, औषधं, कुणाच्या घरी जायचं, कुणाकडे नाही. तिनं पुन्हा तळहात दाबला आणि पुन्हा तो हॉर्न आणि पुन्हा मी.

“यंत्र बरोबर आहे,” मी म्हटलं. “ती नाही म्हणतेय. फोनवरसुद्धा नाहीच म्हणाली होती. मीच चुकीचं सांगितलं.”

भाऊ ताडकन उठला आणि बाहेर जाऊन उभा राहिला. साहेबांनी कागद पुढं ओढला. “यांच्यापुरता दस्त होणार नाही. ज्यांनी कबूल केलं त्यांच्यापुरता होईल.” मग चष्मा वर करून मला विचारलं, “ताई, तुमचं काय? तुमचं कबूल आहे ना अजून?”

बहिणीनं माझा हात धरला. दारातून भावाची पाठ दिसत होती. ‘नाही’ माझ्या जिभेपर्यंत आलं, खरंच आलं. आणि तोंडातून निघालं, “हो.”

जीपमध्ये आम्ही तिघं एकाच सीटवर बसून आलो. वाटेत तिनं वही काढून लिहिलं, ‘तू पण म्हणायचं होतंस.’ मी वही मिटून तिच्या मांडीवर ठेवली.

पुढं भावानं त्याचा आणि मी सोडलेला भाग विकला. बहिणीच्या तुकड्यात तिनं दोन खोल्या बांधल्या आणि तिथंच शिलाईचं दुकान टाकलं. भाऊ दोन वर्षं तिच्याशी बोलला नाही. माझ्याशी बोलत होता. हिरवी साडी ती नेसलीच नाही.

प्रोजेक्ट संपल्यावर मुलगी म्हणाली, “आई, ते हॉर्नवालं ‘नाही’ काढून टाकू. स्वच्छ आवाजात पुन्हा म्हण.” आम्ही दारं-खिडक्या लावून बसलो. मी म्हटलं, “नाही.” मुलगी म्हणाली, “हे विचारल्यासारखं वाटतंय.” मी पुन्हा म्हटलं. “आता माफी मागितल्यासारखं.” तिसऱ्यांदा तर आवाजच फुटला नाही.

बहीण समोर बसून ऐकत होती. तिनं मुलीच्या हातातला मोबाइल अलगद काढून घेतला, बंद केला, आणि हातमोजा चढवून जुनंच वाजवलं.