कुसगावहून आलेली दुरुस्ती

गेल्या रविवारपर्यंत हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतो — पण आधी आनंदाचं सांगू दे. चालेल ना?

आमच्या टूलकिटची नवी आवृत्ती निघाली! टूलकिट म्हणजे जावा ह्या प्रोग्रामिंगच्या भाषेत काम करणाऱ्यांची हत्यारांची पेटी. पूर्वी एकच अवाढव्य प्रोग्राम लिहायचे. आता त्याच्या लहान लहान सेवा करतात आणि क्लाउडवर, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर, चालवतात. त्या लिहायला, तपासायला, एकमेकींशी बोलत्या ठेवायला ही पेटी. फुकट, सगळ्यांसाठी. आम्ही पाच-सहा जण नोकऱ्या सांभाळून ती चालवतो, मी तळेगावातून.

ह्या खेपेला एक गोष्ट फार सुरेख जमली. आधी एक सेवा बंद पडली की बाकीच्या तिची वाट बघत ताटकळायच्या — सगळंच ठप्प! आता एक पडली तरी बाकीच्या आपापलं काम करत राहतात. हे केलं शुभांगीताईंनी. त्या कुसगावला राहतात, लोणावळ्याच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात.

तर — हीच दुरुस्ती त्यांनी तीन वर्षांपूर्वीही पाठवली होती.

तेव्हा बाहेरून आलेल्या दुरुस्त्या मी तपासायचो, टोपणनावाने. ताईंनी नम्रपणे लिहिलं होतं, खाली पूर्ण नाव, गाव. मी एकदा वाचलं आणि कळलं, बाई बरोबर आहे. आणि चुकलेला भाग कुणाचा होता? माझा. ज्याबद्दल मी चार ठिकाणी मिरवून आलो होतो, तोच. मग मी मान्य केलं? छे. लिहिलं — सगळ्यांना दिसेल असं — ‘आधी जावा शिका, मग दुसऱ्यांच्या चुका काढा.’ आणि आमच्या साइटवरचा तो विषय बंद करून टाकला. दोन मिनिटांचं काम. नंतर चहा घेतला. चहा छान लागला, हेही सांगायला हवं.

पुढे तक्रारी वाढत गेल्या. लोक टूलकिट सोडून जायला लागले. आमच्यापैकी कुणालाच ते सुटेना, आणि कुणाला सुटलंय हे फक्त मला माहीत होतं. टोपणनाव मी कधीच टाकून दिलं होतं. खऱ्या नावाने ताईंना पत्र लिहिलं, मग फोन केला.

“मी एकदा प्रयत्न केला होता हो,” त्या म्हणाल्या. “तिथे एक गृहस्थ आहेत, फार लागट बोलतात. वर्षभर मी शिकवण्यापलीकडे एक ओळ लिहिली नाही.”

आणि मी काय म्हणालो असेन? “असतात असे काही लोक.”

ते पहिलं लिहिणं पटकन तरी झालं होतं. हे मी विचार करून बोललो.

मग कित्येक रविवार मी कुसगावला जात राहिलो. काय मजेचे दिवस! ताई एखादी चूक सापडली की खुर्चीतच टाळी द्यायच्या — समोर कुणी नसलं तरी. त्यांचे सासरे, आबा, शेंगा सोलत बसायचे आणि मधेच विचारायचे, “घावली का?” मी इतका हसलेलो नव्हतो कित्येक वर्षांत. आणि प्रत्येक रविवारी सांगायचं राहून जायचं. राहून जायचं की मी राहू द्यायचो?

गेल्या रविवारी, दुपारी, सगळ्या चाचण्या हिरव्या झाल्या, म्हणजे पास. ताईंनी नवी आवृत्ती बाहेर सोडायचं बटण दाबलं. उठून उभ्या राहिल्या, परत बसल्या, परत उठल्या.

“झालं व्हय? कुटं गेलं त्ये?” आबा.

“सगळ्या जगात, आबा.”

“हितं बसून?”

तेवढ्यात कुठल्याशा देशातून कुणीतरी लिहिलं — चाललं, आमच्याकडे चाललं! ताईंचे डोळे भरून आले. आबांनी शेंगांचं सूपच माझ्यापुढे सरकवलं. “म्हंजी सूनबाईनं केलं न्हवं? मग सांगा की समद्यास्नी!”

“त्या लागट गृहस्थांना आधी सांगा, आबा,” ताई हसत म्हणाल्या.

सगळे हसलो. मीही हसलो — आणि हसता हसताच मला माझा आवाज ऐकू आला, “ताई, तो मीच.”

त्यांना वाटलं, गंमत. मग माझ्याकडे नीट बघितलं.

“दुरुस्ती बरोबर आहे, हे तुम्हाला तेव्हा कळलं होतं?”

“हो. वाचल्या वाचल्या.”

त्या आत गेल्या. जरा वेळाने बाहेर आल्या, लॅपटॉप उघडला आणि जगभरून येणाऱ्या पत्रांना एकेक करून उत्तरं लिहायला लागल्या. माझ्याकडे न बघता. मधेच एका पत्राला मोठ्याने हसल्या, आबांना वाचून दाखवलं. तो आनंद त्यांचा होता, आणि मी दारातून तो पाहिला. खरंच फार सुंदर होता.

मी निघालो. तळेगावला पोचल्यावर तो जुना, बंद केलेला विषय उघडला आणि खाली माझं खरं नाव घालून लिहिलं — चूक माझी होती, दुरुस्ती बरोबर होती, मला ते त्याच दिवशी कळलं होतं, आणि तरी मी असं लिहिलं.