काकू पुन्हा गाडीत बसेपर्यंत

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत दर रविवारी सकाळी पार्किंगमध्ये कुणाचं तरी बॉनेट उघडं असतं. एकानं बॉनेट उघडलं की चौघं वाकून बघतात, आणि चौघं वाकले की किस्सा झालाच समजा. पण एकट्या बापटकाकांच्या रेडिएटरनं जेवढे किस्से दिले, तेवढे बाकी सगळ्या गाड्यांनी मिळून दिले नसतील.

मूळ भानगड घाटातली. काका-काकू लोणावळ्याला काकूंच्या बहिणीकडे निघाले होते. जुन्या रस्त्याच्या घाटात गाडी उकळली. काकू शांतपणे उतरल्या, एसटीला हात केला आणि पुढे निघून गेल्या. दारातच काकांच्या साडूंनी विचारलं, "काय, गाडी विकली वाटतं?" घरी आल्यावर काकूंनी जाहीर केलं, "ही उकळायची थांबेल, तेव्हाच मी तिच्यात बसेन." मग त्या भाजीलासुद्धा रिक्षानं जायला लागल्या. काकांना ते फार लागलं.

*

म्हणून काकांनी कूलिंग सिस्टिम घरीच फ्लश करायचं ठरवलं. पहिल्याच रविवारी गाडी फिरवून आणली आणि तापलेल्या रेडिएटरच्या झाकणाला हात घातला.

काकू गॅलरीतून म्हणाल्या, "अहो, वाफ जिरायच्या आत कुकर उघडतात का?"

काकांनी हात मागे घेतला. गाडी निवेपर्यंत आमचे पोहे खाऊन झाले.

*

रेडिएटरचा खालचा कॉक उघडला तर विटकरी रंगाचं पाणी. ते धरायला काकांनी घरातलं पितळी घंगाळ आणलं होतं. काकूंनी ते पाहिलं आणि एवढंच म्हणाल्या, "राहू दे ते खालीच. रोज रेडिएटरला आंघोळ घाला त्यात."

*

स्वच्छ पाणी येईपर्यंत आतून धुऊन झालं. भरायला काकांनी बोअरचं पाणी घेतलं. तळमजल्यावरचे म्हात्रे मूळचे उरणचे, न्हावा शेव्याला ट्रेलर चालवतात. ते म्हणाले, "काका, या पान्यानं आमच्या बादल्या पांढऱ्या झाल्या. रेडिएटर काय वाचनार हाय?"

काका जाऊन कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर घेऊन आले. काकू म्हणाल्या, "घरात आम्ही टँकरचं पितोय, आणि हिला डिस्टिल्ड."

*

शेवटी आतली हवा काढायला इंजिन चालू ठेवलं, हीटर फुल. म्हात्रे म्हणाले, "घाटात गरमीचा काटा चढला ना काका, तरी असाच हीटर लावा. इंजिनची गरमी आत येते. गाडी उकलत नाय."

"मे महिन्यात हीटर?"

"मंग तुमी उकला."

*

मे महिन्यातच काकूंच्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत निघाली. तोवर गाडी एकदाही उकळली नव्हती, म्हणून काकू पैठणी नेसून खाली आल्या आणि गाडीत बसल्या. घाटात लागलं तर मदतीला म्हणून मी मागच्या सीटवर, मांडीवर पाण्याचा कॅन. खोपोलीपर्यंत एसीत मस्त गेलो.

घाटात एका कंटेनरच्या मागे अडकलो आणि काटा वर सरकायला लागला. काकांनी काकूंकडे बघायचं टाळलं. एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि हीटर फुल लावला. काकूंचं कुंकू ओघळलं, पैठणी पाठीला चिकटली. त्या काट्याकडे बघत बसल्या. काटा थांबला, मग हळूहळू खाली आला. गाडी उकळली नाही.

लोणावळ्याला साडू दारातच उभे होते. आम्ही तिघंही घामानं निथळत उतरलो.

"अरेरे," साडू म्हणाले, "एसी चालत नाही वाटतं गाडीचा?"

काकूंनी पदरानं मान पुसली.

"चालतो की. मलाच गारठा सोसत नाही."