परतीचा आहेर

गोलकीपरवर कुणाचाच पुरता विश्वास नसतो. फॉरवर्डनं समोरचा मोकळा गोल चुकवला तर लोक हळहळतात, आज त्याचं नशीब नव्हतं म्हणतात. गोलकीपरच्या हातून एक बॉल निसटू दे, लगेच पाणी कुठंतरी मुरतंय असं वाटायला लागतं. मी कित्येक वर्षं कोल्हापूरच्या लीगमध्ये गोलात उभा राहिलो, त्यामुळं हे मी ऐकीव सांगत नाही.

आमच्याकडे फुटबॉल तालमींचा. जिथं एकेकाळी पैलवान लाल मातीत घुमायचे, त्याच तालमींनी पुढं संघ काढले. दिवाळी झाली की जो हंगाम सुरू होतो तो उन्हाळ्यापर्यंत चालतो, आणि तेवढे महिने एका पेठेचा माणूस दुसऱ्या पेठेत केस कापायलासुद्धा जात नाही. मी मुळात पेठेतला नव्हेच. आमचं घर उचगावात. वडील शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत होते, मीही तिथंच मोल्डिंगला लागलो. गावच्या माळावर मला खेळताना बघून एका तालमीच्या वस्तादांनी मला शहरात नेलं. वस्ताद जुने पैलवान, पुढं फुटबॉलच्या नादी लागलेले. त्यांचा आवाज असा की त्यांनी कानात काही सांगितलं तरी गल्लीला कळायचं. त्यांनी मला बूट घेऊन दिले, हातमोजे दिले, आणि चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या घरी येऊन पोटभर जेवून गेले. या जेवणाची गोष्ट पुढं कामाला येणार आहे.

माझी मोठी बहीण, अक्का, दिली होती नेमकी समोरच्या पेठेत. लग्न जुळवताना कुणी पेठ बघितली नव्हती. मुलगा आमच्यातलाच, निर्व्यसनी, पोटापाण्याला लागलेला, एवढं बघितलं. तो त्या पेठेच्या तालमीचा फॉरवर्ड होता हे आईला लग्नानंतर कळलं, आणि कळलं तरी तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला मात्र साखरपुड्यातच पाल चुकचुकली होती.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाचा हा हंगाम. लीगमध्ये आमची त्यांच्याशी गाठ पडली. सामना बरोबरीत चालला होता. शेवटाकडं दाजींनी लांबून एक साधा फटका मारला. मी खाली बसलो, हात लावले, आणि बॉल आयत्या वेळी मैदानातल्या उंचवट्यावर टप्पा खाऊन माझ्या हातांमधून आत गेला. स्टेडियमचं मैदान तेव्हा कसं होतं हे खेळलेल्यांना विचारा. पण गॅलरीतून उंचवटा दिसत नाही, गोलकीपर दिसतो. आमच्याच पेठेच्या बाजूनं कुणीतरी ओरडलं, "मेव्हण्यानं दाजीला आहेर केला!"

झालं. ते वाक्य माझ्याआधी पेठेत पोचलं. चहाच्या गाड्यावर मी गेलो की बोलणं थांबायचं. सरावाला माझे सहकारी मला बॉल मारायच्या आधी एकमेकांकडं बघायचे. आमचा कप्तान तर उघडच विचारायला लागला, "रविवारी अक्काकडं गेलतास व्हय रं?" बहिणीच्या घरी जायची चोरी झाली. फौंड्रीत कुणीतरी माझ्या लॉकरवर खडूनं 'फितूर' लिहून ठेवलं. फितूर हा शब्द आमच्या मातीत फार जुना आणि फार वाईट. मी ते पुसलं, पण लिहिणारा कोण हे शोधायच्या नादात पुढं कुणाचंही अक्षर बघितलं की तो खडू आठवायला लागला. संशय असा दोन्ही बाजूंनी चढतो. ते माझ्याकडं डोळे बारीक करून बघत होते, मी त्यांच्याकडं.

एवढं होऊनही आम्ही हंगामाच्या शेवटच्या स्पर्धेत फायनलला आलो, आणि समोर तीच तालीम. आता मात्र वस्तादांच्या कानाशी रोज कुणीतरी बसायला लागलं. शेवटी त्यांनी पेठेच्या जुन्या रिवाजाप्रमाणं तोड काढली. पेठेत कोंबडी चोरीला जाऊ दे नाहीतर भावाभावांत भिंतीवरून वाद होऊ दे, जोतिबाचा गुलाल उचलला की विषय संपायचा. गुलाल हातात घेऊन कुणी खोटं बोलत नाही अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. ठरलं, अख्ख्या संघानं डोंगरावर जायचं आणि एकेकानं गुलाल उचलून सांगायचं, मी तालमीशी इमानी हाय.

मी टेम्पोत बसलो. न जाणं म्हणजे आपणहून गुन्हा कबूल केल्यासारखं झालं असतं. पण आमच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती. त्या दीक्षेच्या प्रतिज्ञा आमच्या घरात नुसत्या पाठ नव्हत्या, पाळलेल्या होत्या. देवाला हात जोडायचे नाहीत, देवाची शपथ घ्यायची नाही. आजोबांनी त्यासाठी गावातली कामं गमावली होती. फुटबॉलसाठी ते मोडायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही, हे मी आजही छाती काढून सांगतो.

सगळे देवळात गेले, मी बाहेर नारळाच्या दुकानाशी थांबलो. दुकानदाराच्या भुवयासुद्धा गुलाबी झाल्या होत्या. सगळे दर्शन घेऊन आले. वस्तादांनी कागदातला गुलाल उघडला. एकेक जण मूठ भरून बोलत गेला. राखीव गोलकीपरनं तर इतक्या जोरात शपथ घेतली की दोन परके भाविक थांबून बघायला लागले. मग कागद माझ्यासमोर आला.

"वस्ताद, आमच्या घरात ही शपथ चालत न्हाय," मी म्हणालो.

"मग कुठली चालती?"

"शब्द चालतो. मी शब्द देतो."

कप्तान हसला. "शब्द काय लेका, वाऱ्यावर जातोय. गुलाल उचलाय का भितोस?"

वस्तादांनी कागद मागं घेतला नाही. मला वाटलं, आता यांना जयंतीचं जेवण आठवेल, भिंतीवरचा फोटो आठवेल, निदान एवढं तरी म्हणतील की पोरांनो, यांच्यात चालत नाही. त्यांना आठवलं नाही. ज्याच्या पोटात पाप, त्याचाच हात गुलालाला कापतो, एवढा एकच हिशेब त्यांना लहानपणापासून ठाऊक होता. माझा नकार त्यांनी कबुलीजबाब म्हणून ऐकला. परतीच्या टेम्पोत माझ्या शेजारची जागा रिकामी राहिली, आणि बाकीचे पुढं दाटीवाटीनं उभे राहिले. मला अपमान वाटला, आणि त्याहून जास्त राग आला.

तरी मला फायनलला खेळवलं. त्याचं कारण राखीव गोलकीपर. त्याच्या इमानाबद्दल शंका नव्हती, पण त्याच्या पायांमधून बैलगाडी गेली असती. कप्तान म्हणाला, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देताय, वस्ताद." वस्ताद म्हणाले, "किल्ल्या देतोय, पण पहारा बसवून." मला एवढंच कळलं, की हा सामना मी जिंकून दिला नाही तर कोल्हापुरात मला कुणी गोलात उभं करणार नाही, आणि फितूर हा शब्द वडिलांच्या दारापर्यंत येईल.

त्याच आठवड्यात फौंड्रीत मोल्डिंगच्या पेटीखाली माझा उजव्या हाताचा अंगठा चेमटला. मी कुणाला सांगितलं नाही. पण आईला कळलं, आणि आईकडून अक्काला. ती डबा घेऊन उचगावला आली.

"हाताला लागलंय म्हणं? कुठल्या?"

साधा प्रश्न. बहिणीनं भावाला विचारलेला. पण मी त्या दिवसांत साध्या प्रश्नालाही उलटून पालटून बघत होतो. हे तिला दाजींनी विचारायला लावलं नसेल कशावरून? मी उजवा हात चादरीखाली घेतला आणि म्हणालो, "डाव्या. जास्त न्हाय." ती डावा हात हातात घेऊन चोळत बसली. न दुखणारा हात चोळून घेताना मी तोंड वाकडं करत होतो.

फायनलला आमच्या गोलामागं वस्तादांचा पहारा खरंच होता. आमच्याच पेठेची माणसं, तोंडं सामन्याकडं होती एवढंच, बाकी सगळं लक्ष माझ्या हातांवर. बॉल पलीकडच्या टोकाला असतानासुद्धा मागून आवाज यायचा, "बघतोय आमी." आम्ही पहिल्या हाफमध्ये गोल केला. गॅलरी पेटली, पण माझ्या मागचे हलले नाहीत. सामना संपत आला आणि आमच्या कप्तानानंच डीमध्ये एकाला पाडलं. गुलाल उचललेला हा आमचा इमानी माणूस. रेफरीनं पेनल्टी दिली. बॉल घेऊन पुढं आले दाजी.

मागून कुणीतरी म्हणालं, "आता बघा आहेर."

दाजींची पेनल्टी अख्ख्या कोल्हापूरला माहीत होती. कायम कीपरच्या डाव्या हाताला, खाली. त्यात अक्कानं माझ्या डाव्या हाताचं सांगितलं असेल, तर प्रश्नच मिटला, तिकडंच येणार. पण लहानपणापासून मी खोटं बोललो की अक्काला कळतं. तिनं त्या दिवशीही ओळखलं असेल तर? खरा दुखरा हात उजवा हे दाजींना ठाऊक असेल तर? एवढा वेळ मी जगावर संशय घेत होतो, त्या क्षणी सख्ख्या बहिणीच्या डोळ्यांवर घेतला, आणि उजवीकडं उडी मारली.

बॉल उजवीकडंच आला. कमरेच्या उंचीचा. तळव्यावर आदळला, अंगठ्यातून खांद्यापर्यंत कळ गेली, आणि बॉल बाहेर गेला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. शिट्टी वाजली. पहाऱ्यावरची माणसं जाळीवरून माझ्या अंगावर पडली. वस्तादांनी मला उचललं आणि डोक्यावर मूठभर गुलाल चोळला. तो गुलाल मी पुसला नाही. तो आनंदाचा होता, शपथेचा नव्हता. कप्तान गळ्यात पडून रडला, आणि मी त्याच्या पाठीवर थोपटताना त्या खडूवाल्याला सांगणारा हाच असेल का याचा विचार करत होतो.

मग गॅलरीच्या दुसऱ्या बाजूनं आरोळी आली, त्यांच्या पेठेची. "दाजीनं परतीचा आहेर केला!"

दाजी मध्यावर एकटे उभे होते. त्यांच्या संघातलं कुणी त्यांच्याजवळ जात नव्हतं. माझ्यावरचा आळ माझ्या डोळ्यांदेखत मैदान ओलांडून त्यांच्या अंगावर गेला.

त्यांच्या तालमीनंही तोड काढली, तीच. दाजींनीही गुलाल उचलला नाही. सगळ्यांनी त्याचा अर्थ लावला तोच, जो माझ्या वेळी लावला होता. पुढच्या हंगामात त्यांचं नाव संघात नव्हतं. अक्काशी गल्लीतल्या बायका नळावर बोलेनात. आई म्हणाली, होईल सगळं नीट. व्हायला बरीच वर्षं लागली. मी मात्र पुढचे हंगाम वस्तादांचा लाडका गोलकीपर म्हणून खेळत राहिलो, आणि अक्काच्या घरी जाताना मला उंबऱ्याशी पाय जड व्हायचे.

नव्या शतकातली पाचसहा वर्षं सरल्यावरची गोष्ट. मी बूट खुंटीला टांगले होते. भाच्याची शाळेच्या संघात निवड झाली म्हणून अक्कानं जेवायला बोलावलं होतं. पोरगा गोलकीपर झाला होता. अक्का वाढता वाढता त्याला माझ्या फायनलची गोष्ट सांगत होती, कौतुकानं, जणू तिला त्या फायनलचा काही त्रास झालाच नव्हता.

"मामाचा डावा हात दुखावलेला," ती म्हणाली. "मी ह्यास्नी आदल्या दिवशी सांगितलंतं, पोराच्या त्या हाताला मारू नगा, कामावरचा हात हाय त्येचा."

दाजी समोर बसले होते. ते ताटातल्या भातात बोट फिरवत राहिले.

म्हणजे अक्कानं माझं खोटं ओळखलं नव्हतं. दाजींना माझा डावा हात दुखरा माहीत होता, आणि नेहमीची डावी बाजू सोडून त्यांनी बॉल उजवीकडं मारला होता, कमरेच्या उंचीचा. त्यांनी फक्त माझा हात वाचवला, की सामनाच दिला? की नेम चुकला? हे मला कळणार कसं?

जेवण झाल्यावर आम्ही दोघं दारात बसलो. मी विचारलं, "दाजी, तवा तालमीनं सांगितल्यावर तुमी गुलाल का उचलला न्हाय?"



"आपल्यात चालत न्हाय की, पावणं," ते म्हणाले.

खरं होतं ते. आपल्यात शपथ चालत नाही, शब्द चालतो. शब्द मात्र त्यांनी दिला नाही, आणि मीही मागितला नाही.